पीसीओएस आणि देहातील धुमसता दाह

(महिलांच्या एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आरोग्यविषयक व्याख्यान म्हटले की व्यासपीठावर डॉक्टर असावा, अशी आपली साहजिक अपेक्षा असते. मी डॉक्टर नाही. कला शाखेची पदवीधर आणि पेशाने पत्रकार आहे. त्यामुळे औषध सांगण्याचा अधिकार मला नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. परंतु एखाद्या विषयावर जगात काय संशोधन झाले, त्यातील सिद्ध काय आणि अनुमान काय, हे वाचून, पडताळून सामान्य वाचकापर्यंत पोहोचवणे हे पत्रकाराचेच काम आहे. आज मी तेवढेच करणार आहे.

विषय निवडण्याचे कारण आपल्या घरांतच आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, चेहऱ्यावर मुरुमे उठतात, हनुवटीवर राठ केस दिसू लागतात. सोनोग्राफी होते आणि अहवालात चार अक्षरे येतात - पीसीओडी किंवा पीसीओएस. आई घाबरते. वडील विषय बदलतात. आजी म्हणते, "लग्न झालं की होईल सगळं नीट." आणि मुलगी स्वतः मोबाइलवर शोधू लागते. तिथे तिला हल्ली एक नवा शब्द भेटतो, 'इन्फ्लमेशन', म्हणजे दाह. 'तुमच्या शरीरात दाह आहे, तो शमवा आणि पीसीओएस मुळापासून घालवा', असे सांगणाऱ्या चूर्णांची, कॅप्सूलांची आणि महागड्या आहारक्रमांची आज मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे.

या दाव्यात तथ्य किती? दाहाचा आणि या विकाराचा संबंध खरोखर आहे काय? असल्यास तो कारणाचा आहे की परिणामाचा? या प्रश्नांच्या उत्तरावर केवळ आपला पैसा अवलंबून नाही. एका मुलीने पुढची वीस-तीस वर्षे स्वतःच्या शरीराकडे कसे पाहायचे, हेही त्यावर अवलंबून आहे.

नावातच घोटाळा

प्रथम विकाराविषयी थोडेसे. १९३५ मध्ये शिकागो येथील आयर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. या स्त्रियांची पाळी बंद वा अत्यंत अनियमित होती, आणि त्यांचे बीजांडकोश आकाराने मोठे व बारीक बारीक पुटकांनी भरलेले होते. बीजांडकोशाचा काही भाग कापून काढल्यावर सर्वांची पाळी सुरू झाली आणि दोघींना मातृत्वही लाभले. तेव्हापासून बरीच वर्षे हा विकार 'स्टाइन-लेव्हेंथल सिंड्रोम' या नावाने ओळखला जात असे. पुढे 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' हे नाव रूढ झाले आणि त्याबरोबर एक गैरसमजही रूढ झाला.

'सिस्ट' म्हटले की आपल्याला गाठ आठवते. वस्तुतः सोनोग्राफीत दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे गाठी नव्हेत. दर महिन्याला स्त्रीबीज परिपक्व करण्यासाठी जी पुटके वाढू लागतात, ती अर्ध्या वाटेवर थबकलेली असतात, एवढेच. ती कापून काढायची नसतात आणि ती कर्करोगाच्या गाठी तर मुळीच नसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१२ मध्ये बोलावलेल्या तज्ज्ञमंडळाने तर हे नावच दिशाभूल करणारे असून ते बदलावे, अशी शिफारस केली होती. कारण हा विकार केवळ बीजांडकोशाचा नाही. तो साखरेच्या चयापचयाचा आहे, संप्रेरकांचा आहे, त्वचेचा आहे आणि मनाचाही आहे.

निदानाची आज सर्वमान्य असलेली कसोटी २००३ मध्ये नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे ठरली. पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य आणि सोनोग्राफीतील विशिष्ट चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी आढळल्या आणि अशीच लक्षणे देणारे दुसरे विकार नाहीत याची खात्री झाली, तर पीसीओएस म्हणावे, असे ती सांगते. २०२३ मध्ये सुधारित झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी 'एएमएच' नावाच्या संप्रेरकाची रक्ततपासणीही ग्राह्य मानली आहे. मात्र किशोरवयीन मुलींत सोनोग्राफी आणि ही रक्ततपासणी, दोन्ही निदानासाठी वापरू नयेत, असेही तिने स्पष्ट बजावले आहे. त्या वयात निरोगी मुलींच्या बीजांडकोशांतही अशी अनेक पुटके दिसतात. आपल्याकडे नेमके उलटे घडते. पंधरा वर्षांच्या मुलीची पहिली तपासणी म्हणजे सोनोग्राफी, आणि तिच्यावरून थेट शिक्का!

या विकाराचे प्रमाण लहानसहान नाही. हीच मार्गदर्शिका जगभरात प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना तो असल्याचे सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने देशभर झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ४० वयोगटातील सुमारे ९,८०० स्त्रियांची तपासणी झाली. रॉटरडॅमची कसोटी लावली तर हे प्रमाण १९.६ टक्के आले आणि अमेरिकेची १९९० ची अधिक कडक कसोटी लावली तर ७.२ टक्के. कसोटी बदलली की आकडा किती बदलतो, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

दाह म्हणजे काय?

आता मूळ मुद्द्याकडे वळू. दाह म्हणजे जेवणानंतर छातीत होणारी जळजळ नव्हे. बोटात काटा रुतला की ते बोट लाल होते, सुजते, गरम लागते, ठणकते. शरीराच्या संरक्षक पेशी तेथे धावून गेलेल्या असतात आणि जंतूंशी झुंजत असतात. आयुर्वेदाच्या परिभाषेत याला शोथ म्हणतात. हा दाह उपकारक असतो. काम झाले की तो विझतो.

दुसरा एक दाह असतो, तो विझत नाही. चुलीतील लाकूड पेटतही नाही आणि विझतही नाही, नुसते धुमसत राहते, तसा तो वर्षानुवर्षे रक्तात मंद मंद चालू असतो. त्यात ताप येत नाही, काही दुखत नाही, माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. तो ओळखण्याची एक खूण म्हणजे यकृतात तयार होणारे 'सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन', संक्षेपाने सीआरपी. हे प्रथिन १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांवर संशोधन करताना सापडले. न्यूमोनियासारख्या आजारात ते शंभरपट किंवा त्याहूनही अधिक वाढते. धुमसत्या दाहात मात्र वाढ अगदी अल्प असते. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असायचे ते दोन-तीन होते. एवढासा फरक मोजणाऱ्या अतिसंवेदनशील चाचण्या उपलब्ध झाल्या आणि त्यानंतरच या संशोधनाला वेग आला.

इन्सुलिनपासून दाहापर्यंत

संशोधनाचा हा प्रवास टप्प्याटप्प्याने समजून घेण्यासारखा आहे. पहिला टप्पा १९८० चा. अमेरिकेतील मेम्फिस येथील संशोधकांनी दाखवून दिले की पीसीओएस असलेल्या स्त्रियांत पुरुषी संप्रेरके आणि इन्सुलिन, दोन्ही एकत्र वाढलेली असतात. त्या दशकाच्या अखेरीस असेही दिसले की या स्त्रियांच्या स्नायूपेशी इन्सुलिनचे ऐकत नाहीत आणि हा दोष केवळ वजनाने स्पष्ट होत नाही. पेशी ऐकत नाहीत म्हणून स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला अधिक पुरुषी संप्रेरके बनवण्यास भाग पाडते. त्याच वेळी या संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृत कमी बनवू लागते. परिणामी मोकळी पुरुषी संप्रेरके वाढतात, पुटके अर्ध्यावर थांबतात आणि पाळी लांबते.

मग प्रश्न आला की पेशी इन्सुलिनचे का ऐकत नाहीत? येथे दुसरा टप्पा सुरू होतो. १९९३ मध्ये हार्वर्डमध्ये काम करणारे गोखान होतामिसलिगिल आणि त्यांचे सहकारी यांनी लठ्ठ उंदरांच्या चरबीत 'टीएनएफ' नावाचा दाहकारक रेणू तयार होत असल्याचे दाखवले. तो निष्प्रभ केला तेव्हा उंदरांच्या पेशी इन्सुलिनला अधिक प्रतिसाद देऊ लागल्या. चरबी म्हणजे निव्वळ साठवलेले तूप ही समजूत येथे मोडली. चरबी ही एक जिवंत, बोलकी ग्रंथी ठरली. २००३ मध्ये तर लठ्ठ शरीराच्या चरबीत संरक्षक पेशी मोठ्या संख्येने ठाण मांडून बसलेल्या आढळल्या.

तिसरा टप्पा २००१ चा. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या संशोधकांनी पीसीओएस असलेल्या १७ आणि निरोगी १५ स्त्रियांच्या रक्तातील सीआरपी मोजले. पहिल्या गटात ते लिटरमागे २.१२ मिलिग्रॅम आणि दुसऱ्यात ०.६७ निघाले. पाहणी लहान होती, पण तिने एक दार उघडले. पुढील दहा वर्षांत अशा अनेक पाहण्या झाल्या आणि २०११ मध्ये माद्रिदचे एक्तोर एस्कोबार-मोराले व त्यांचे सहकारी यांनी त्यांचा एकत्रित ताळेबंद मांडला. पीसीओएसमध्ये सीआरपी सरासरी ९६ टक्क्यांनी, म्हणजे जवळजवळ दुपटीने अधिक आढळले, आणि दोन्ही गटांचे वजन सारखे असलेल्या पाहण्यांतही हा फरक टिकला. मात्र त्याच ताळेबंदात टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ या दोन दाहकारक रेणूंच्या बाबतीत लक्षणीय फरक दिसला नाही. बाजारातील जाहिराती पहिले वाक्य सांगतात आणि दुसरे गाळतात.

आग की धूर?

दाह आहे, हे इथवर स्थापित झाले. पण तो आग आहे की आगीचा धूर? संशोधकांमध्ये आजही मतभेद आहेत ते याच प्रश्नावर.

एका बाजूला अमेरिकेतील फ्रँक गोन्झालेस यांचे काम आहे. त्यांनी स्त्रियांना ग्लुकोजचे पाणी पाजले आणि नंतर त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी तपासल्या. पीसीओएस असलेल्या स्त्रियांत, अगदी सडपातळ स्त्रियांतही, या पेशी साखरेने चवताळल्यासारख्या वागल्या आणि दाहकारक द्रव्ये सोडू लागल्या. पुढे क्रीमसारखा स्निग्ध पदार्थ देऊनही त्यांनी असाच प्रतिसाद नोंदवला. त्यानंतर ॲस्पिरिनच्या कुळातील एक दाहशामक औषध काही मोजक्या सडपातळ स्त्रियांना देऊन पाहिले, तेव्हा पुरुषी संप्रेरकांची निर्मिती घटल्याचे दिसले. दाह हा केवळ धूर असता, तर तो शमवून आग कमी कशी झाली असती, असा या पक्षाचा सवाल आहे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही तितकेच सबळ आहे. पुरुषी संप्रेरके वाढली की पोटावरची चरबी वाढते आणि चरबी वाढली की दाह वाढतो. म्हणजे दाह नंतर येतो. आनुवंशिक माहितीच्या आधारे कार्यकारणभाव तपासण्याची एक पद्धत अलीकडच्या वर्षांत विकसित झाली आहे. त्या पद्धतीने पाहता वाढते वजन पीसीओएसचा धोका वाढवते, असे ठामपणे दिसते. दाहाच्या बाबतीत इतके ठाम विधान करता येत नाही. हृदयविकाराच्या संदर्भात तर २०११ मध्ये या पद्धतीने असे दिसले, की ज्यांचे सीआरपी जन्मजात ठेवणीमुळे अधिक असते, त्यांना केवळ त्यामुळे हृदयविकार अधिक होत नाही. सीआरपी हा निरोप्या आहे. निरोप्याला कोंडून निरोप बदलत नाही.

संशोधनाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. बहुतेक पाहण्या तीस-चाळीस स्त्रियांच्या आहेत. कोणी एक कसोटी लावली, कोणी दुसरी. सीआरपी सर्दी-पडशाने वाढते, हिरड्यांच्या आजाराने वाढते आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही वाढते. पाळी नियमित करण्यासाठी पीसीओएसच्या अनेक मुलींना त्याच गोळ्या दिलेल्या असतात! तरीही २०२१ मध्ये लठ्ठ नसलेल्या स्त्रियांपुरता जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यातही सीआरपी वाढलेले आढळले. म्हणून विद्यमान स्थितीत संयमित निष्कर्ष असा, की दाह, इन्सुलिनचा अवरोध आणि पुरुषी संप्रेरके यांचे एक चक्र आहे. प्रत्येक आरा दुसऱ्याला ढकलतो. पहिला धक्का कोणी दिला, हे सर्व स्त्रियांत एकच असेल असेही नाही.

आतड्यापर्यंत पोहोचलेला शोध

गेल्या दशकातील नवा प्रवाह आतड्यातील सूक्ष्मजीवांचा आहे. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील केल्टन ट्रेमेलन आणि त्यांच्या सहकारी संशोधिका यांनी एक कल्पना मांडली. आहार बिघडला की आतड्यातील सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो, आतड्याचे अस्तर पाझरू लागते, जंतूंचे अंश रक्तात उतरतात आणि शरीराच्या संरक्षक पेशी कायम सावध, कायम चिडलेल्या राहतात, अशी ही उपपत्ती आहे. २०१९ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी तिला काही आधार दिला. पीसीओएस असलेल्या स्त्रियांच्या आतड्यात एक विशिष्ट जिवाणू अधिक आढळला. तो उंदरांना दिला तेव्हा त्यांचे ऋतुचक्र बिघडले आणि इन्सुलिनचा अवरोध वाढला. आतड्याचे रक्षण करणारा इंटरल्युकिन-२२ हा रेणू या स्त्रियांत कमी होता, आणि तो दिल्यावर उंदरांची स्थिती सुधारली.

हे आशादायक आहे. पण उंदीर सुधारला म्हणून आपली लेक सुधारेल, असे गृहीत धरता येत नाही. 'पीसीओएससाठी खास प्रोबायोटिक' असे छापलेली डबी घेण्यापूर्वी एवढे स्मरावे. घरच्या ताकाला आणि दह्याला मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही!

आपल्या मातीतील पुरावा

या विषयात महाराष्ट्राचे योगदान मोलाचे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात त्यांनी दाखवून दिले की आपली बाळे जन्मतः हलकी असतात. सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. परंतु त्या हलक्या देहातही चरबी टिकून असते, कमी असतात ते स्नायू. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! त्याआधी १९९९ मध्ये याच दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी असेही नोंदवले होते, की शहरी भारतीयांच्या रक्तात दाहकारक रेणूंचे प्रमाण उच्च आहे आणि ग्रामीण भारतीयांत तसे ते नाही.

आता याला मुंबईची जोड द्या. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने मुंबईतील १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅमच्या कसोटीने २२.५ टक्के मुलींत पीसीओएस आढळला, आणि त्यातील सुमारे ७२ टक्के मुली लठ्ठ नव्हत्या. 'आमची मुलगी तर किती बारीक आहे, तिला कसा होईल?' या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. बाहेरून बारीक आणि आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह आहे. म्हणूनच आपल्याकडे वजनाची मर्यादाही वेगळी धरतात. निर्देशांक २३ च्या पुढे गेला की अधिक वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा, आणि स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत.

उपचारांत काय टिकले?

इतक्या संशोधनातून प्रत्यक्ष उपचारांत काय आले? २०२३ च्या मार्गदर्शिकेचे उत्तर साधे आहे. निदानासाठी सीआरपीची तपासणी आवश्यक नाही. 'दाहशामक' म्हणून कोणतेही औषध पीसीओएसचा प्रमाणित उपचार ठरलेले नाही. वजन काहीही असो, पहिला उपाय जीवनशैलीचा. प्रौढ स्त्रीने आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, मुलींनी रोज किमान तासभर. स्नायूंना बळकटी देणारा व्यायामही हवा, कारण साखर प्रामुख्याने स्नायूच वापरतात. आहार संतुलित असावा, परंतु अमुकच एक आहारक्रम श्रेष्ठ असल्याचा पुरावा नाही. म्हणजे दरमहा हजारो रुपये घेऊन दिला जाणारा 'खास' तक्ता आणि घरची ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर यांत विज्ञानाने पहिल्याच्या बाजूने कौल दिलेला नाही.

औषधांपैकी मेटफॉर्मिन हे इन्सुलिनच्या अवरोधासाठी उपयुक्त आहे. अपत्यप्राप्तीसाठी लेट्रोझोल हे पहिले औषध मानले जाते. २०१४ मध्ये अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत लेट्रोझोलने २७.५ टक्के स्त्रियांना अपत्य झाले, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. ही सर्व औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची आहेत, हे सांगणे न लगे.

योगाविषयी अनेकांना उत्सुकता असेल. बंगळुरूच्या स्वामी विवेकानंद योग अनुसंधान संस्थानच्या संशोधकांनी आंध्र प्रदेशातील एका निवासी महाविद्यालयात ९० किशोरवयीन मुलींची चाचणी घेतली. एका गटाला बारा आठवडे रोज तासभर योग आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ शारीरिक व्यायाम. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुरुषी संप्रेरक, एएमएच आणि पाळीची नियमितता, या तिन्हींत योगाचा गट सरस ठरला. वजनात मात्र दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. योगाचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास अभिमानाने सांगावा, आणि तो ९० मुलींचा, बारा आठवड्यांचा आहे, हेही त्याच दमात सांगावे.

हळदीचेही तसेच. हळदीतील कर्क्युमिनवर पीसीओएसच्या संदर्भात, विशेषतः इराणमध्ये, काही लहान चाचण्या झाल्या आणि उपाशीपोटीची साखर थोडी घटल्याचे दिसले. परंतु हळदीत कर्क्युमिन असते वजनाच्या सुमारे तीन टक्के. भाजीतील चिमूटभर हळद म्हणजे चाचणीतील मात्रा नव्हे. आणि तीव्र मात्रेच्या हळदीच्या कॅप्सूलांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना अलीकडे अमेरिकेत नोंदल्या गेल्या आहेत. स्वयंपाकघरातील हळद निर्धोक आहे. तिच्या नावावर विकली जाणारी प्रत्येक गोळी निर्धोक आहे, असे मात्र नाही.

येथे चीनचे उदाहरण विचार करण्याजोगे आहे. आर्टेमिसिनिन हे मलेरियावरील औषध तू यूयू यांनी प्राचीन चिनी ग्रंथातील नोंदीचा धागा पकडून शोधले आणि त्यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये शांघायच्या फूदान विद्यापीठातील संशोधकांनी याच कुळातील औषध पीसीओएसच्या १९ स्त्रियांना बारा आठवडे दिले आणि पुरुषी संप्रेरके घटून त्यांतील १२ जणींची पाळी नियमित झाल्याचे नोंदवले. एकोणीस ही संख्या अत्यल्प आहे, आणि हे औषध दाहावर नव्हे, संप्रेरक बनवणाऱ्या यंत्रणेवर काम करते. पण मार्ग पाहा. परंपरेने बोट दाखवले, प्रयोगशाळेने पडताळले, आणि मग जगाने मान डोलावली. आपल्या परंपरेत असे किती धागे असतील! ते पुढे न्यायचे असतील, तर घोषणांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, चाचण्यांची आवश्यकता आहे.

कुटुंबाचे कर्तव्य

आता संशोधनाकडून घराकडे येते. पाळीच्या नोंदी ठेवायला मुलीला शिकवा. पहिल्या वर्षी अनियमितता स्वाभाविक असते. त्यानंतर तीन वर्षांपर्यंत ४५ दिवसांहून मोठे अंतर आणि पुढे ३५ दिवसांहून मोठे अंतर वारंवार पडत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या वर्षानंतर कधीही ९० दिवस पाळी आली नाही, तर वाट पाहू नये. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही, तरीही तेच. मानेमागे, काखेत त्वचा काळवंडली, तर ती मळ समजून घासू नका. इन्सुलिनच्या अवरोधाची ती खूण असू शकते. निदान झाल्यावर साखरेची तपासणी करून घ्यावी आणि ती एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी. कारण पुढे मधुमेहाचा धोका असतो, आणि पाळी दीर्घकाळ न आल्यास गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचाही धोका वाढतो.

दुसरे, 'लग्न झाले की नीट होईल' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार झाले पाहिजे. लग्न हा औषधोपचार नाही. तसेच 'हिला मूल होणार नाही' हे वाक्यही. पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रिया, काही स्वतःहून आणि काही उपचारांनी, माता होतात. या दोन्ही वाक्यांनी मुलीचे जे नुकसान होते, ते कोणत्याही रक्ततपासणीत दिसत नाही. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण लक्षणीय असते, म्हणून त्यांची चौकशी डॉक्टरांनी आवर्जून करावी, असे मार्गदर्शिकाच सांगते. वजनावरून टोमणे मारणे हे उपचाराच्या आड येते, हेही तिने नमूद केले आहे. मुलाच्या आईवडिलांनाही माझी विनंती आहे. स्थळ पाहताना हा विकार दोष म्हणून मोजू नका. दर पाच-सात घरांआड एका घरात तो आहे, कदाचित आपल्याच लेकीला किंवा सुनेला, आणि आपल्याला ठाऊक नाही एवढेच.

तिसरे, एकट्या मुलीला पथ्यावर बसवू नका. भावाच्या ताटात वेफर्स आणि तिच्या ताटात उकडलेली भाजी, हा अन्याय ती किती दिवस सोसेल? साखर कमी करायची तर घरात सर्वांची करावी. फिरायला जायचे तर आईने, वडिलांनी तिच्याबरोबर जावे. रात्री वेळेवर झोपायचे तर सर्वांनीच मोबाइल बाजूला ठेवावेत. धुमसता दाह हृदयविकारात आणि मधुमेहातही असतो. तिच्या निमित्ताने घरातील प्रौढांचेही हित साधेल.

संशोधन चालूच राहील. दाह हा आग आहे की धूर, याचा निकाल आणखी काही वर्षांनी लागेल, कदाचित तो स्त्रीगणिक वेगळा निघेल. तोवर विज्ञानाच्या नावाने भीती विकणाऱ्यांपासून आपल्या मुलींना जपावे, आणि लाजेच्या पोटी त्यांची तपासणी लांबवू नये. हे दोन्ही आपल्या हातात आहे आणि त्यासाठी कोणत्याही शोधाची वाट पाहावी लागत नाही. येथून घरी गेल्यावर आपल्या मुलीला, भाचीला, पुतणीला एवढेच विचारा, "तुझी पाळी वेळेवर येते ना गं?" वडिलांच्या उपस्थितीतही हा प्रश्न सहज विचारता आला, तर आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले, असे मी समजेन.